पीसीएमवाल्यांनो, जरा पेशीत डोकवा!

अकरावीला आपण सगळ्यांनी एक निर्णय घेतला, किंवा घरच्यांनी आपल्यासाठी घेतला. मॅथ्स की बायो? काही सावध मंडळींनी दोन्ही ठेवलं होतं, पण बारावीची दिवाळी येईपर्यंत त्यातलं एक गळालंच. आणि बायो सुटलं त्या दिवशी किती आनंद झाला होता! आता डायग्राम नाहीत, लॅटिन नावं नाहीत, पाठांतर नाही. 'आपण लॉजिकवाले' असा एक मस्त समज घेऊन आपण कॉलेजात आलो आणि हॉस्टेलमध्ये तो आणखी पक्का झाला. आमच्या विंगमध्ये तर 'बायो' हा शब्द फक्त बायोमेट्रिक अटेंडन्सच्या नावाने बोटं मोडताना ऐकू येतो.

माझं म्हणणं असं की ही वाटणी साफ खोटी आहे आणि तिच्यामुळे नुकसान आपलं होतंय, डॉक्टर होणाऱ्यांचं नाही. उगाच फेकत नाहीये. पुरावा म्हणून एकच विषय घेते: पेशीच्या आत प्रोटीन्सचं सॉर्टिंग आणि वाहतूक कशी चालते. (प्रथिने म्हणायला हवं, माहीत आहे. पण कॉन्व्हेंटमध्ये मला प्रथिने कधी भेटलीच नाहीत, आणि जिमला जाणारी पोरंही प्रोटीनच म्हणतात.) विषय बायोचा, पण त्यातली कितीतरी कामं फिजिक्सवाल्यांनी केली आहेत. त्यातलं एक फार सुंदर काम आपल्याच राज्यात, मुंबईत कुलाब्याला झालंय.

आधी सॉर्टिंगचं बघू. आपली एक पेशी म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा-शंभरावा भाग. त्यात हजारो प्रकारची प्रोटीन्स तयार होतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. कुणाला न्यूक्लियसमध्ये जायचंय, कुणाला मायटोकॉन्ड्रियात, कुणाला पेशीच्या पडद्यात बसायचंय, तर कुणाला पेशीच्या पार बाहेर. इन्सुलिन हे बाहेर जाणाऱ्यांपैकी. स्वादुपिंडात तयार व्हायचं आणि रक्तात पोचायचं. मग कुणी कुठे जायचं हे ठरवतं कोण? पेशीत काही हेडक्लार्क बसलेला नाही.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत गुंटर ब्लोबेल नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी डेव्हिड सबातिनी यांच्याबरोबर १९७१ मध्ये एक अंदाज मांडला: पत्ता प्रोटीनमध्येच लिहिलेला असतो. साखळीच्या सुरुवातीची काही अमिनो ॲसिड्स म्हणजेच पत्ता. १९७५ पर्यंत ब्लोबेल यांनी प्रयोगांचा आधार उभा केला आणि १९९९ मध्ये त्यांना याबद्दल नोबेल मिळालं. इन्सुलिनचंच उदाहरण घ्या. ते सुरुवातीला ११० अमिनो ॲसिड्सच्या साखळीच्या रूपात तयार होतं. त्यातली पहिली २४ म्हणजे पत्ता. साखळी योग्य दारातून आत शिरली की तो पत्ता कापून टाकतात, पुढे आणखी काटछाट होते आणि शेवटी रक्तात उतरतं ते ५१चं इन्सुलिन. घरोघरी आजी-आजोबांच्या फ्रीजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी ठेवलेलं असतं ते हेच, किंवा याचंच थोडं बदललेलं भावंड.

इंग्रजी पुस्तकं या पत्त्याला 'झिप कोड' म्हणतात. आपण पिनकोड म्हणू, कारण तो आपल्याच माणसाचा आहे. संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही पद्धत आणली आणि १५ ऑगस्ट १९७२ ला ती देशात सुरू झाली. म्हणजे ब्लोबेलच्या अंदाजानंतर वर्षभरातच! दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण अडचण एकच होती. आपलं जळगाव आहे, तिकडे बुलडाण्यात जळगाव जामोद आहे. पत्र कोणत्या लिपीत लिहिलंय, अक्षर कसंय, याचा भरवसा नाही. सॉर्टिंग करणाऱ्याला गावाची काहीच माहिती नसली तरी पत्र नीट गेलं पाहिजे. जळगाव ४२५००१, धुळे ४२४००१. तिसरा आकडा बघितला की थैली वेगळी. बास! पेशीतला पत्ता वाचणाराही असाच अडाणी असतो. तो एक रेणू आहे, आकार जुळला की पकडतो, नाही जुळला तर सोडून देतो.

आणि पत्ताच लावला नाही तर? हे वाचलं तेव्हा मी खरी हादरले. पेशीत कचरा विरघळवणारी एक टाकी असते, लायसोसोम. तिच्यात जाणाऱ्या एन्झाइम्सवर एक साखरेचं लेबल चिकटवावं लागतं. काही बाळांमध्ये हे लेबल चिकटवणारं एन्झाइमच जन्मतः बिघडलेलं असतं. या आजाराला आय-सेल डिसीज म्हणतात, फार दुर्मीळ आहे. त्यांच्या पेशीत माल तयार होतो, पण लेबल नाही म्हणून तो टाकीत न जाता पेशीबाहेर फेकला जातो. ज्याने कचरा विरघळवायचा तेच नाही, मग कचरा आत साचत जातो. यातली बहुतेक मुलं लहानपणीच दगावतात. प्रॉडक्शन ठीक, डिस्पॅच चुकला. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पेपरात हे 'स्टोअर्स अँड डिस्पॅच' म्हणून आपण पाच मार्कांना लिहितो आणि विसरतो.

यानंतरची कथा थोडक्यात सांगते, कारण मला वाहतुकीकडे यायची घाई आहे. कॅलिफोर्नियात बर्कलेला रँडी शेकमन यांनी पाव फुगवणाऱ्या साध्या यीस्टमध्ये असे बिघाड शोधले की आतल्या मालाचा ट्रॅफिक जाम व्हावा. त्यातून १९८० पर्यंत त्यांनी वाहतुकीला लागणारी २३ जीन्स ओळखली. जेम्स रॉथमन आणि थॉमस सुडहॉफ यांच्याबरोबर त्यांना २०१३ चं नोबेल मिळालं. आज जगातलं बरंचसं इन्सुलिन यीस्टकडून करून घेतात, त्यामागे हीच समज आहे.

तर वाहतूक. पत्ता आहे, पण माल हलवायचा कसा? बायोवाल्यांच्या पुस्तकात बाण दाखवलेला असतो. इथून तिथे, बाण! आपण लॉजिकवाले, तर जरा हिशोब करू. पाठीच्या कण्यातून पायाच्या बोटाकडे जाणारी नस ही एकाच पेशीची लांब शेपटी असते, लांबी सुमारे एक मीटर. माल तयार होतो कण्याजवळ, लागतो पायाजवळ. नुसत्या डिफ्यूजनवर सोडलं तर? डिफ्यूजन कोएफिशंट सेकंदाला १० चौरस मायक्रॉन धरा, साध्या प्रोटीनला तो बरा आहे. वेळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले दुप्पट कोएफिशंट. उत्तर येतं सुमारे १६०० वर्षं! म्हणजे रावेरची केळी वाऱ्याच्या झुळकीने आपोआप दिल्लीला पोचतील, असं म्हणण्यातलाच प्रकार. प्रत्यक्षात नसेतला माल वेगात असेल तर दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जातो. अडीच दिवसात पायाशी. अर्थातच तिथे इंजिन आहे.

आणि ते खरोखरच इंजिन आहे, नुसती उपमा नाही. पेशीत मायक्रोट्यूब्यूल नावाचे पोकळ रूळ असतात, व्यास २५ नॅनोमीटर. त्यांच्यावरून दोन पायांची मोटर प्रोटीन्स अक्षरशः पावलं टाकत माल ओढतात. कायनेसिन बहुतेक वेळा पेशीच्या मध्यापासून बाहेर जातं, डायनिन बाहेरून आत. कायनेसिन १९८५ मध्ये रोनाल्ड व्हेल आणि सहकाऱ्यांनी स्क्विडच्या जाड नसेत शोधलं. त्याचं एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, आणि दर पावलाला एटीपीचा एक रेणू खर्च. ते जास्तीत जास्त ५-६ पिकोन्यूटन जोर लावतं. जोर गुणिले पाऊल, भागिले एटीपीची ऊर्जा. कॅल्क्युलेटर काढा, एफिशियन्सी निम्म्याच्या आसपास येते. आपल्या वर्कशॉपमधलं पेट्रोल इंजिन जवळपासही नाही.

आता कुलाबा. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर. तिथे रूप मलिक यांनी पीएच.डी. केली ती फिजिक्समध्ये, घनपदार्थांवर. बायोशी संबंध नाही. मग ते कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला स्टीव्हन ग्रॉस यांच्याकडे गेले आणि डायनिनचं एक पाऊल मोजायला बसले. साधन होतं ऑप्टिकल ट्रॅप: लेसरच्या झोतात एक बारीक मणी पकडायचा, मण्याला मोटर जोडायची, आणि मोटरने मणी किती खेचला ते बघायचं. (याच शोधाबद्दल आर्थर अॅशकिन यांना २०१८ मध्ये वयाच्या ९६व्या वर्षी नोबेल मिळालं. केटी राहिलेल्यांनी धीर सोडू नये.) २००४ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा निबंध आला, त्याच्या शीर्षकातच 'गिअर' हा शब्द आहे. ओझं नसेल तेव्हा डायनिन २४-३२ नॅनोमीटरच्या लांब ढांगा टाकतं, ओझं वाढलं की पाऊल आखडतं, अगदी ८ नॅनोमीटरपर्यंत. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढणारा लोडेड ट्रक आठवा. टॉप गिअरमध्ये कुणी चढतं का? फरक इतकाच की इथे क्लच दाबणारा ड्रायव्हर नाही. ओझंच गिअर बदलतं.

यापुढचं काम त्यांनी टीआयएफआरमध्ये परत येऊन केलं. एक डायनिन तसं मरतुकडंच. त्यांच्या मोजणीत त्याचा जोर एक पिकोन्यूटनच्या आसपास, कायनेसिनच्या पाचवा हिस्सा. मग पेशी जड माल आत कसा ओढते? २००९ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की एकाच गाठोड्यावर एका बाजूने एक दांडगं कायनेसिन आणि दुसऱ्या बाजूने चार ते आठ डायनिन अशी रस्सीखेच चालते. २०१३ मध्ये 'सेल' या जर्नलमध्ये त्याहून भारी गोष्ट आली. उंदराच्या मॅक्रोफेज पेशींना, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींना, त्यांनी प्लॅस्टिकचे मणी गिळायला दिले आणि पेशीच्या आतच ट्रॅपने जोर मोजला. दिसलं असं की डायनिन टीममध्ये कायनेसिनपेक्षा सरस आहे, आणि त्याचं कारण तोच गिअर. पुढच्या डायनिनवर ओझं जास्त, म्हणून त्याचं पाऊल लहान होतं. मागचे तोवर त्याला गाठतात आणि ओझं वाटून घेतात. मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागून बँकर इंजिनं लागतात ना, थळ घाट चढायला? तिथे दोन ड्रायव्हर एकमेकांशी बोलून जोर जुळवतात. इथे कुणी कुणाशी बोलत नाही, तरी जुळतं. आमच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये चौघे व्हॉट्सॲपवर दिवसभर बोलूनही जुळत नाही, ते सोडा.

याचा उपयोग काय, हे विचारणारे असतातच, आणि विचारावंही. मॅक्रोफेजने जंतू गिळला की ती पिशवी डायनिन ओढत आत नेतं आणि लायसोसोमच्या टाकीशी भिडवतं. मग जंतू खलास. २०१६ मध्ये मलिक यांच्या गटाने दाखवलं की त्यासाठी डायनिन पिशवीवर एका ठिकाणी घोळका करून जमतात आणि एकत्र ओढतात. काळा आजाराचा परजीवी लीशमॅनिया नेमकं इथेच पाचर मारतो. त्याच्या अंगावरचा एक चिकट रेणू हा घोळका विस्कटून टाकतो. इंजिनं तेवढीच, पण विखुरलेली, म्हणून गाडी हलत नाही. म्हणजे काळा आजाराचा जंतू पकडीतून सुटतो कसा, याच्या उत्तराचा एक भाग मेकॅनिक्सचा आहे!

दुसरा उपयोग तर थेट मेसच्या ताटाशी येतो. लिव्हरमध्ये चरबीचे थेंब असतात. आपण जेवलो की इन्सुलिन वाढतं, त्यामुळे कायनेसिन त्या थेंबांवर चढतं आणि त्यांना पेशीत पुढे नेतं, तिथून चरबी रक्तात सुटते. उपाशी असताना इन्सुलिन उतरतं, कायनेसिन थेंबांवरून उतरतं, आणि लिव्हर चरबी धरून ठेवतं. हे काम २०१७ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. रक्तातली चरबी कमी-जास्त होण्यामागे एका मोटरची चढउतार आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? मलिक यांना २०१४ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला, बायॉलॉजीसाठी, म्हणजे फिजिक्सच्या माणसाला! २०१८ मध्ये इन्फोसिस प्राइझही मिळालं. पुढे ते आयआयटी बॉम्बेला गेले. टीआयएफआरमध्येच संध्या कौशिका पारदर्शक सूक्ष्म कृमीच्या जिवंत नसेत ही वाहतूक बघतात. आणि पुण्याला आयसरमध्ये थॉमस पुकाडिल हे मालाची पिशवी मूळ पडद्यापासून तुटते कशी यावर काम करतात, त्यांना २०१८ चं भटनागर. हे सगळं आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

आता एक सावधगिरी. ट्रक, इंजिन, पिनकोड या उपमा मी भरपूर वापरल्या, पण त्या एका ठिकाणी मोडतात आणि तिथेच आपल्यासाठी खरी मजा आहे. ट्रकचं इंजिन बंद केलं तरी तो काही अंतर घरंगळतो. पेशीच्या मापात इनर्शिया जवळजवळ नसतोच. पोहणाऱ्या बॅक्टेरियाने थांबायचं ठरवलं तर तो अणूच्या व्यासाइतकाही पुढे सरकत नाही, असा हिशोब एडवर्ड पर्सेल या फिजिसिस्टने १९७७ मध्ये मांडला होता. तिथे फ्लायव्हील निरुपयोगी. वरून पाण्याचे रेणू सतत धडका देत असतात. जणू अंगावर गारपीट होत असताना तारेवरून चालायचं. अशा परिस्थितीत चालणारं मशीन कसं असेल, हे आपल्याला थर्मोच्या कुठल्याच युनिटमध्ये कुणी विचारलेलं नाही.

विंगमध्ये हे सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं, "भो, याच्यात प्लेसमेंट कुठंय?" खरंय, कॅम्पसला यासाठी कुणी येणार नाही. आणि ज्याच्या घरी एज्युकेशन लोनचा हप्ता आहे त्याने आधी नोकरीच बघावी, त्यात लाज काहीच नाही. पण निदान दार आहे हे तरी कळू द्या. टीआयएफआरची बायॉलॉजीची प्रवेश परीक्षा इंजिनिअरिंगवाल्यांनाही देता येते. आयआयटी बॉम्बेच्या बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग विभागात इंजिनिअर पीएच.डी.ला जातात. २०२३ पासून जेआरएफची फेलोशिप महिन्याला ३७,००० रुपये आहे. हे मला सीनिअर्सनी सांगितलं नाही, सरांनी सांगितलं नाही, नोटीस बोर्डावर दिसलं नाही. तिथे गेट कोचिंगच्या जाहिराती मात्र चार थर जाड आहेत.

म्हणून स्टाफला एक विनंती, आणि ती रागावून नाही. फायनल इयरला आपल्याकडे दरवर्षी तीच सोलर गवतकापणी आणि तोच ब्लूटूथवरचा रोबो येतो. काही तर मागच्या बॅचचेच, फक्त रंग नवा. त्याऐवजी जळगावच्या विद्यापीठात लाइफ सायन्सेसचा विभाग आहे, धुळ्याला आणि जळगावला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. त्यांच्या लॅबमधल्या कुणालातरी एकदा विचारा, तुमचं काय अडलंय? मायक्रोस्कोपच्या व्हिडिओतला ठिपका फ्रेमगणिक ट्रॅक करणारा प्रोग्रॅम कॉम्प्युटरचे विद्यार्थी एका सेमिस्टरमध्ये लिहू शकतात. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाले मिळून सॅम्पलचं तापमान स्थिर ठेवणारं छोटं स्टेज बनवू शकतात. यासाठी कोट्यवधींचा लेसर लागत नाही. समोरच्या विभागाला एक फोन लागतो, आणि तो करायला आपल्याकडे दोन्ही बाजूंना संकोच वाटतो, कारण अकरावीत आपण वेगवेगळ्या वर्गात बसलो होतो.

सुरुवात म्हणून मी लायब्ररीच्या मागणी-वहीत रॉब फिलिप्स आणि सहकाऱ्यांचं 'फिजिकल बायॉलॉजी ऑफ द सेल' हे पुस्तक लिहून आलेय. त्यात बेडूक नाही, गणित भरपूर आहे. पुस्तक महाग आहे, त्यामुळे एकटीच्या मागणीवर येणार नाही असं काउंटरवर सांगितलं, निदान दहा नावं हवीत. आतापर्यंत दोन झालीत. दुसरं नाव माझ्या रूम पार्टनरचं. ती रावेरची, सिव्हिलला आहे. रात्री मला मोटर प्रोटीनचा व्हिडिओ बघताना पाहून म्हणाली, "हाई काय चालना?" मग शेजारी बसून तिने तो तीनदा बघितला. आठ नावं बाकी आहेत. वही काउंटरच्या डाव्या हाताला, पेनाला दोरी बांधलेली आहे.